ल्युमिएरचा डबा कोणी बनवला?

माझ्या पीएच.डी.च्या प्रपोजलचं पहिलं वाक्य असं होतं: "१८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंचा कॅमेरा मुंबईत आला आणि त्याच कॅमेऱ्यातून महाराष्ट्रातला पहिला सिनेमा जन्माला आला." वाक्य मला फार आवडलं होतं. गाइडनी त्यावर पेन्सिलीने दोन गोल केले. एक 'त्याच' या शब्दाभोवती, दुसरा 'पहिला' या शब्दाभोवती. समासात लिहिलं होतं, "कशावरून?"

तुमच्यापैकी बरेच जण नेट-सेट, पेट किंवा प्रपोजलच्या तयारीत आहात, म्हणून या 'कशावरून'चीच गोष्ट सांगते. मी एम.एस्सी. केमिस्ट्री करून विज्ञानाच्या इतिहासाकडे वळलेली मुलगी. इतिहासाची शिस्त मला उशिरा कळली, तीही थोडी लेण्याद्रीवर कळली.

मी जुन्नरची. लेण्याद्री आमच्यासाठी गाडीवर पंधरा-वीस मिनिटांची वाट. लहानपणापासून आम्ही वर जायचो ते सातव्या लेण्यातल्या गिरिजात्मजाच्या दर्शनाला. शेजारीच सहावं लेणं आहे, चैत्यगृह. त्याच्या दर्शनी भागावर ब्राह्मीत शिलालेख आहे. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत याने हे चैत्यगृह दान दिलं, असा त्याचा आशय. आता जरा विचार करा. सुलसदताने स्वतः हातात छिन्नी धरली नव्हती, त्याने पैसे दिले. डोंगर कापला तो दुसऱ्याच लोकांनी, आणि त्यांची नावं त्या लेखात नाहीत. पण ते गायब झालेले नाहीत. बाजूच्या साध्या खोल्यांमधून फिरताना टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा. छिन्नीचे घाव उठून दिसतात. घावाची दिशा, खोली, दोन घावांमधलं अंतर. दात्याचं नाव अक्षरात आहे, कारागिराची खूण दगडात.

सिनेमाच्या इतिहासाचं अगदी असंच आहे. आपण शिलालेख वाचतो: ल्युमिएर, फाळके, पेंटर. छिन्नीच्या खुणा वाचत नाही. मी प्रपोजलमध्ये तेच केलं होतं.

तर मग यंत्राकडेच जाऊ.

फ्रान्समधल्या लिऑं शहरात ल्युमिएर कुटुंबाचा फोटोच्या काचा बनवायचा कारखाना होता. वडील अँत्वान, मुलं ऑग्युस्त आणि लुई. म्हणजे हे मूळचे रसायनवाले, काचेवर जिलेटिन आणि सिल्व्हर ब्रोमाइडचा थर देणारे. १८९४ मध्ये एडिसनचा किनेटोस्कोप पॅरिसला पोचला. त्या पेटीत एका वेळी एकाच माणसाने डोकावून हलतं चित्र बघायचं. भिंतीवर सगळ्यांना एकदम दाखवता आलं तर? हा प्रश्न तेव्हा अनेकांच्या डोक्यात होता. अडचण प्रकाशाची किंवा भिंगाची नव्हती. अडचण होती फिल्म *थांबवायची*.

हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. चित्र घेताना फिल्म क्षणभर स्थिर हवी, नाहीतर फोटो पुसट येईल. लगेच ती एक चौकट पुढे सरकायला हवी आणि पुन्हा थांबायला हवी. सेकंदाला १६ वेळा. आणि हे करताना फिल्म फाटता कामा नये.

उत्तर लुईला सुचलं ते शिवणयंत्राच्या धर्तीवर. घरी आईचं मशीन असेल तर झाकण काढून बघा. सुई कापडात असते तेव्हा कापड थांबलेलं असतं. सुई वर आली की खालची दातेरी पट्टी वर येते, कापड एक टाका पुढे ढकलते, खाली बुडते आणि रिकामीच मागे जाते. ल्युमिएरच्या यंत्रात दोन दातांचा एक आकडा आहे. तो फिल्मच्या दोन्ही कडांच्या छिद्रांमध्ये शिरतो, फिल्म एक चौकट खाली ओढतो, बाहेर निघतो आणि रिकामा वर जातो. तो बाहेर असतो तेवढा वेळ फिल्म स्थिर. आकड्याला ही चाल देतं ते मध्य सोडून बसवलेलं, साधारण त्रिकोणी आकाराचं एक चाक.

आकडेमोड करू, सवय राहते. एका चौकटीला १/१६ सेकंद, म्हणजे ६२.५ मिलिसेकंद. त्यातला एक तृतीयांश वेळ फिल्म सरकते, दोन तृतीयांश थांबते. म्हणजे सरकायला जेमतेम २१ मिलिसेकंद. फिल्म ३५ मिलिमीटर रुंद, लांबी सुमारे १७ मीटर, एक चौकट साधारण दोन सेंटिमीटर उंच. मग चौकटी झाल्या ८५०, भागिले १६, उत्तर आलं ५३ सेकंद. ल्युमिएरच्या सगळ्या सुरुवातीच्या फिल्म्स पन्नास सेकंदांच्या आसपासच का, याचं उत्तर कलेच्या पुस्तकात शोधू नका. ते या डब्याच्या पोटात आहे.

हँडल एकदा फिरवलं की आठ चौकटी, म्हणून सेकंदाला दोन फेरे. फिरवणारा माणूसच असल्यामुळे वेग कमी-जास्त व्हायचा. पुढे बोलपटांच्या काळात २४ चौकटींचा वेग ठरला. त्या वेगाने जुन्या फिल्म्स चालवल्या की माणसं तुरुतुरु पळताना दिसतात आणि आपण हसतो. त्या काळची माणसं तशी चालत नव्हती हो! ती आपल्या मशीनची चूक आहे.

आता छिन्नीचा प्रश्न. कल्पना लुईची. पण ती लाकूड आणि पितळेत उतरवली कोणी? कारखान्यातला मुख्य यांत्रिक शार्ल म्वासाँ याने. पहिला नमुना त्याच्या हातचा. त्याच्या चाचण्या तर सेल्युलॉइडवर नाही, फोटोच्या कागदी पट्टीवर झाल्या. १३ फेब्रुवारी १८९५ ला पेटंट घेतलं गेलं, ते ल्युमिएरांच्या नावाने. २२ मार्चला पॅरिसमध्ये राष्ट्रीय उद्योगांना प्रोत्साहन देणाऱ्या संस्थेपुढे यंत्र चालवून दाखवलं. त्या सभेत ज्यूल कार्पाँतिए नावाचे एक इंजिनिअर बसले होते.

इथे फिजिक्सवाल्यांनी कान टवकारावेत. रुमकॉर्फ कॉइल तुम्ही प्रॅक्टिकलला पाहिली असेल. त्या रुमकॉर्फचं वर्कशॉप त्याच्या मृत्यूनंतर कार्पाँतिएंनी घेतलं होतं. तिथे गॅल्व्हानोमीटर बनत, बोदोची तारयंत्रं बनत. (हो, 'बॉड रेट'मधला बॉड म्हणजे हाच बोदो.) म्हणजे सिनेमाचं यंत्र कुठल्या नाटक कंपनीच्या मागच्या खोलीत घडलं नाही. काट्याच्या केसभर हालचालीचा हिशेब ठेवणाऱ्या, वैज्ञानिक उपकरणांच्या कारखान्यात घडलं. माझ्यासारख्या सायन्सच्या मुलीला या विषयात शिरायचं दार तिथे सापडलं.

म्वासाँचा नमुना चालत होता, पण एक नमुना चालणं वेगळं आणि दोनशे सारखी यंत्रं बनवणं वेगळं. कार्पाँतिए आणि लुई यांच्यातला १८९५ चा पत्रव्यवहार टिकला आहे, पुस्तकरूपाने छापलाही गेला आहे. त्यात महिनोन् महिने यंत्राच्या बारीकसारीक भागांचीच चर्चा चालते. आधी २५ यंत्रांची मागणी, मग ती २०० वर गेली. तुम्हाला कधी एखाद्या वस्तूवर रिसर्च करायचा असेल तर असा कंटाळवाणा पत्रव्यवहार शोधा. कौतुकाच्या लेखांपेक्षा तक्रारींच्या पत्रात जास्त माहिती असते.

तयार झालेलं यंत्र म्हणजे सुमारे पाच किलोचा लाकडी डबा. वीज नको, हँडल फिरवलं की चालतं. यापेक्षा मोठी गंमत म्हणजे तो एकच डबा तीन कामं करायचा. चित्र घ्यायचं तर कॅमेरा. निगेटिव्ह आणि कोरी फिल्म एकमेकींना चिकटवून आत घातल्या, उन्हातल्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड केलं आणि हँडल फिरवलं, की प्रत काढायचं यंत्र. मागे दिवा ठेवला की प्रोजेक्टर.

दिव्याच्या बाबतीत एक तपशील केमिस्ट्रीवाल्यांसाठी. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज, भसकन पेटणारं. दिव्याची उष्णता फिल्मवर जाऊ नये म्हणून ल्युमिएरांनी भिंगाऐवजी पाण्याने भरलेला काचेचा गोल फुगा वापरला. प्रकाश एकवटायचा, उष्णता पाण्यात राहायची. पाणी उकळायला लागलं तर? त्यात तारेने कोकचा तुकडा लटकवलेला असे, म्हणजे पाणी धक्के न देता शांत उकळायचं. लॅबमध्ये आपण फ्लास्कमध्ये पोर्सेलिनचे तुकडे टाकतो ना, तेच! हे वाचलं तेव्हा मी लायब्ररीत एकटीच हसले होते.

२८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसच्या ग्रँड कॅफेत तिकीट लावून खेळ झाला. ही तारीख सगळ्यांना पाठ असते. 'सिनेमॅटोग्राफ' हे नाव मात्र ल्युमिएरांच्या आधी, १८९२ मध्येच, लेआँ बूली याने आपल्या पेटंटमध्ये वापरलेलं होतं. 'पहिला' हा शब्द किती निसरडा आहे ते बघा.

आता मुंबई. ल्युमिएरांनी सुरुवातीला यंत्र विकलंच नाही. यंत्र आपलं, फिल्म आपली, चालवणारा प्रशिक्षित माणूसही आपला. तो गावोगाव जाणार आणि उत्पन्नात वाटा येणार. मारियस सेस्तिए हा असाच एक माणूस, मूळचा औषधविक्रेता. ऑस्ट्रेलियाला जाताना तो मुंबईत उतरला. ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात खेळ झाले, तिकीट एक रुपया. काळा घोड्याजवळची ती इमारत, म्हणजे एस्प्लनेड मॅन्शन, आज मोडकळीला आलेली आहे. तिचा लोखंडी सांगाडाही इंग्लंडमध्ये ओतून, जहाजाने आणून इथे जोडलेला. म्हणजे बाहेरून सुटे भाग आणून उभ्या केलेल्या इमारतीत बाहेरून आलेलं यंत्र! आठवड्याने खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलले. तिथे तिकीट चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत, आणि पडदानशीन बायकांसाठी वेगळे बॉक्स. खेळ १५ ऑगस्टपर्यंत चालले, मग सेस्तिए डबा उचलून पुढे गेला.

डबा उचलून पुढे गेला. माझ्या प्रपोजलमधला 'त्याच' इथेच कोसळतो.

मुंबईत हे खेळ पाहणाऱ्यांत एक मराठी फोटोग्राफर होते, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा. त्यांनी पुढे कॅमेरा मागवला तो इंग्लंडच्या रायली ब्रदर्सकडून, २१ गिनींना. गिनी म्हणजे २१ शिलिंग, म्हणून २२ पौंड १ शिलिंग. त्या वेळच्या १५ रुपये पौंड या दराने सुमारे ३३० रुपये. वॉटसन हॉटेलच्या ३३० तिकिटांएवढी रक्कम. १८९९ मध्ये सावेदादांनी हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या पैलवानांची कुस्ती टिपली. फिल्म धुवायला लंडनला पाठवावी लागली. केंब्रिजचे सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे डिसेंबर १९०१ मध्ये परतले, त्यांचं स्वागतही सावेदादांनी टिपलं.

सावेदादांनी फ्रेंच यंत्र का घेतलं नाही? १८९७ मध्ये तर ल्युमिएरांनीही विक्री सुरू केली होती. मला वाटतं, उत्तर छिद्रांत आहे. ल्युमिएरच्या फिल्मला चौकटीच्या दोन्ही बाजूंना एकेकच गोल छिद्र असे, कारण आकड्याला दातच दोन. एडिसनच्या फिल्मला प्रत्येक बाजूला चार-चार, चौकोनी वळणाची छिद्रं. इंग्लंडमधले छोटे कारखानदार बहुतेक एडिसनच्या मापाने यंत्रं बनवू लागले आणि त्या मापाच्या फिल्म्स बाजारात भरपूर मिळू लागल्या. ल्युमिएरचं यंत्र देखणं होतं, पण एकलकोंडं. १९०९ मध्ये पॅरिसच्याच परिषदेत फिल्म बनवणाऱ्यांनी ३५ मिलिमीटर आणि चार छिद्रं हे माप मान्य केलं, त्या वेळी अध्यक्ष होते जॉर्ज मेलिएस. फ्रेंच भूमीवर, फ्रेंच माणसाच्या अध्यक्षतेखाली फ्रेंच छिद्र हरलं. हा माझा अंदाज आहे हे लक्षात ठेवा. सावेदादांच्या फिल्म्सच हाती नाहीत, त्यामुळे कड तपासून खात्री करता येत नाही. रायलीचं नाव आणि किंमत हा पुरावा. कारण मात्र मी जोडलेलं आहे. प्रपोजलमध्ये या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाक्यांत लिहा. मी एकाच वाक्यात लिहून बोलणी खाल्ली आहेत.

छिद्रांची गोष्ट दादरमध्येही येते. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला छिद्रं पाडायचं यंत्र घेऊन आले. कारण कोरी फिल्म छिद्रांशिवाय यायची. छिद्रं पाडायची ती अंधारात, नाहीतर फिल्म वाया. हे काम सरस्वतीबाई फाळके शिकल्या आणि दिवसभराचा स्वयंपाकपाणी उरकून रात्री करत राहिल्या. छिद्र जरा सरकलं तर पडद्यावर चित्र थरथरणार. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला कॉरोनेशनमध्ये लागला. त्याचा जो थोडा भाग आज उरला आहे, तो बघताना आपण हरिश्चंद्र-तारामती बघतो. कड बघत नाही.

आणि आता कोल्हापूर. माझ्या मते महाराष्ट्रात यंत्राचा इतिहास खऱ्या अर्थाने सुरू होतो तो इथे, कारण इथे यंत्र *बनवलं* गेलं. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे चुलतभाऊ, नाटकांचे पडदे रंगवणारे, कारागिराच्या घरातले. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून वापरलेला प्रोजेक्टर आणला, खेळ लावले, आणि तो खोलून अभ्यासला. मला आधी प्रश्न पडायचा: प्रोजेक्टर खोलून कॅमेरा कसा कळेल? मग ल्युमिएरचा तीन कामांचा डबा आठवला. दोन्हींचं हृदय एकच, थांब आणि चाल. प्रोजेक्टरात आकड्याऐवजी बहुधा माल्टीज क्रॉसचं चाक असतं, पण गणित तेच. फिल्म थांबलेली असताना प्रकाश बाहेर सोडला तर प्रोजेक्टर, आत घेतला तर कॅमेरा. १८९५ मध्ये एकाच डब्यात असलेली गोष्ट पुढे दोन यंत्रांत वाटली गेली, आणि पेंटर बंधूंनी एकीवरून दुसरी परत शोधली.

१९१६ मध्ये आनंदराव वारले, कॅमेरा अपुरा असताना. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने तो १९१८ पर्यंत पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये पुण्यात लागला. हेच दामले पुढे प्रभातच्या संस्थापकांपैकी एक. प्रभातच्या जागेवर आज एफटीआयआय आहे, तिथल्या म्युझियममध्ये जाऊन या, आणि लॉ कॉलेज रोडच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या लायब्ररीतही बसा. कोल्हापूरला खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. १ डिसेंबरला तिथे कॅमेरापूजन होतं. खंडेनवमीला आपण अवजारं पुजतो, त्यातलाच हा प्रकार. सिनेमाच्या इतिहासात यंत्राला हार घालणारी जागा मी तरी दुसरी पाहिली नाही.

मागच्या महिन्यात घरी गेले होते, तेव्हा धाकट्या चुलतभावाला लेण्याद्रीवर घेऊन गेले. तो बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. शिलालेख दाखवला, मग टॉर्च आडवा धरून घाव दाखवले. तो म्हणाला, "ताई, यावरून छिन्नीची रुंदी काढता येईल की!" मी म्हटलं, "मोज मग." पट्टी नव्हती, त्याने एटीएम कार्डाची कड लावली.

प्रपोजलचं पहिलं वाक्य आता असं आहे: "१८९६ मध्ये ल्युमिएरांचं यंत्र मुंबईत दाखवलं गेलं आणि निघून गेलं, १८९९ मध्ये मुंबईत चित्रण झालं ते इंग्लंडहून मागवलेल्या यंत्रावर, महाराष्ट्रातला पहिला कॅमेरा कोल्हापुरात घडला." गाइडनी या वेळी एकच शब्द खोडला आहे. 'पहिला'.